रेडिओलहरींच्या उगमाचा शोध

ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील कॉर्व्हॅलिस या गावी एका विद्यार्थ्याच्या दारी शोधपथक येऊन थडकले. १२१.५ मेगॅहर्ट्झ ही कंप्रता विमानांच्या संकटसंदेशांसाठी राखून ठेवलेली आहे. त्याच कंप्रतेची लहर या घरातून निघत होती आणि ती उपग्रहाने टिपली होती. प्रत्यक्षात संकटात कोणीच नव्हते. घरातील दूरचित्रवाणी संच बिघडल्यामुळे ही लहर बाहेर टाकीत होता. अशा खोट्या हाकेखाली एखादी खरी हाक दबून जाण्याचा धोका असतो. म्हणून तिचा उगम शोधून काढणे अगत्याचे ठरते.

लहरीची दिशा ओळखण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे तारेचे उभे वेटोळे होय. वेटोळ्याची कड प्रक्षेपकाकडे असली म्हणजे लहर एका बाजूस आधी व दुसरीस किंचित उशिरा पोहोचते. या फरकामुळे तारेत विद्युत्‌दाब निर्माण होतो. वेटोळ्याचे तोंड प्रक्षेपकाकडे केले, की लहर दोन्ही बाजूंस एकाच वेळी पोहोचते, दोन्ही दाब परस्परांना नाहीसे करतात आणि आवाज लोपतो.

आवाज सर्वांत मोठा असेल ती दिशा खरी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शोधक भरवसा ठेवतो तो शांततेवर. मोठ्या आवाजाच्या स्थितीपासून वेटोळे १० अंश फिरविले, तरी दाब जेमतेम दीड टक्का घटतो, व कानाला तो फरक कळत नाही. शांततेच्या स्थितीपासून तेवढेच फिरविले असता मात्र दाब शून्यावरून कमाल दाबाच्या सतरा टक्क्यांवर जातो.

मध्यमलहरींवरील केंद्र जेथे ऐकू येते, तेथे ट्रान्झिस्टर रेडिओवर हा प्रयोग करता येतो. संच आडवा धरून सावकाश फिरवावा. आतील चुंबकीय कांडीचे टोक केंद्राकडे आले, की आवाज क्षीण होतो.

तथापि कांडीची दोन्ही टोके सारखीच असल्याने केंद्र पुढे आहे की मागे, हे एका ठिकाणाहून कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा दिशा घेऊन नकाशावर दोन रेषा काढतात. त्या जेथे छेदतात, तेथे उगम असतो. २ अंशांची चूक २० किलोमीटरांवर सुमारे ७०० मीटरांची होते. म्हणून जसजसे जवळ जावे तसतशा नव्या रेषा काढाव्या लागतात. इमारतींवरून परावर्तित झालेल्या लहरीही फसवितात. अगदी जवळ गेल्यावर संदेश इतका प्रबळ होतो, की शांतता सापडतच नाही. अशा वेळी ग्राहक छातीशी धरून शोधक स्वतःभोवती फिरतो. पाठ उगमाकडे झाली, की शरीराच्या आडोशाने आवाज मंदावतो.

उपग्रहांनी १२१.५ मेगॅहर्ट्झवरील संकटसंदेश टिपणे १ फेब्रुवारी २००९ पासून थांबविले. आता त्यासाठी ४०६ मेगॅहर्ट्झचे संकेतक वापरतात. भारतात त्यांचे संदेश बंगळूर व लखनौ येथील केंद्रांत उतरतात. तरीही अनेक संकेतकांत १२१.५ मेगॅहर्ट्झचा एक क्षीण संदेश मुद्दाम राखलेला असतो. उपग्रह शोधपथकाला परिसर दाखवितो. त्या परिसरातील दाट झाडीत पडलेल्या माणसापर्यंतची अखेरची वाट हातातील ग्राहकाच्या आधारेच काढावी लागते.