‘फाजील’ शब्दाचा विचार

‘फाजील आत्मविश्वास’ हा प्रयोग आपण सहज करतो; त्यातील विशेषण मात्र कोणी तपासत नाही. ‘फाजील’ शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने मराठीत आला. मुळात त्याचे अर्थ दोन : उरलेले अधिक, आणि विद्वान. उर्दूत विद्वानास आजही फाजील म्हणतात. मराठीने विद्वान वगळला, अधिकपणा ठेवला. जुन्या दफ्तरी हिशेबांत तर जमेहून जास्त झालेला खर्च तो फाजील. प्रस्तुत प्रयोगास हा अर्थ लावून पाहावा. जमेवाचून केलेला विश्वासाचा खर्च, असा भाव निघतो. सूत्र मुखोद्गत झाले, पण त्याचे प्रकरण ठाऊक नाही, तरी निरूपणास बसणारा अभ्यासक (आम्हीही तसे बसलो आहोत) याच सदरात येतो. ‘गर्व’ त्याहून निराळा. गर्विष्ठाजवळ जमा असूही शकते.