पाणी किती फुटांवर आलंय?

पावसाळा लागला की कोल्हापुरात जो तो विचारतो, "पाणी किती फुटांवर आलंय?" हे पाणी पंचगंगेचे. ते कसबा बावड्याजवळ राजाराम बंधाऱ्यावर मोजतात.

दोन आकडे पाठ करा. ३९ फूट ही इशारा पातळी. ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांवर गेले. २०२१ साली ते ५६ फुटांवर चढले. चिखली-आंबेवाडीची माणसे घरे सोडून बाहेर पडली.

पाणी येते कोठून? कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या एकत्र येतात. पाचवी सरस्वती, ती गुप्त आहे असे लोक मानतात. म्हणून नाव पंचगंगा. भोगावतीवर राधानगरी धरण आहे. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सुटते. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर, तेलाचे जवळजवळ दोन डबे!

पुढे नरसोबावाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली तर पंचगंगेचे पाणी पुढे सरत नाही. ते मागे फुगते. म्हणून पाऊस उघडला तरी पूर लगेच ओसरत नाही.

नुसता एक आकडा वाचून भागत नाही. दोन वेळचे आकडे वाचा. समजा, सकाळी ६ वाजता ३७ फूट २ इंच पाणी आहे. दुपारी १२ वाजता ३८ फूट २ इंच झाले. म्हणजे ६ तासांत १ फूट, तासाला २ इंच. ३९ फुटांना आता १० इंच उरले. याच चालीने संध्याकाळी ५ ला इशारा पातळी येईल. पाऊस वाढला तर त्याआधीच! मग गुरे केव्हा हलवायची? अंधार पडल्यावर नव्हे. दुपारीच.

उंचीइतकीच पाण्याची ओढही पाहावी. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीत हौशी लोक खळाळत्या पाण्यात होड्या घालतात. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी किती सुटले, हे पाहूनच ते उतरतात. अंगात जाकीट, डोक्याला टोप, बरोबर जाणता माणूस. एवढी तयारी असूनही ते पाण्याला भिऊन असतात. मग आपण पुलावरून वाहत्या पाण्यात मोटारसायकल का घालावी? गढूळ पाण्याखाली रस्ता उरला आहे की वाहून गेला, हे दिसत नाही.

मंडळी, आता तुम्हांला आकडे वाचता येतात. रोज फळ्यावरचा, वर्तमानपत्रातला आकडा वाचा. शेजारच्या म्हातारीलाही वाचून दाखवा. आम्ही म्हणतो, अक्षर शिकल्याचे चीज ते हेच.

प्रश्न :
१. इशारा पातळी किती? धोका पातळी किती?
२. पाऊस उघडूनही पूर का राहतो?
३. सकाळी ८ ला ४१ फूट आणि ११ ला ४१ फूट ६ इंच पाणी आहे. याच चालीने ४३ फूट केव्हा होईल?