पाय नाहीत, तरी चालतात!



बैल चार पायांवर चालतो. गांडूळ अंग आखडून सरकते. पण ज्याचे सारे शरीर म्हणजे एकच पेशी, तो जीव कसा बरं चालत असेल? असे जीव हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी १६७४ साली तळ्याच्या पाण्यात पाहिले. भिंग त्यांनी स्वतःच घासून तयार केले होते.

आम्ही तळ्याचे पाणी आणि वाळल्या गवताच्या काड्या बरणीत आठ दिवस ठेवल्या. त्यातला थेंब गुरुजींनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा मला पॅरामेशियम दिसले. आकार चपलेच्या तळासारखा, लांबी मिलिमीटरच्या पाव भागाएवढी. त्याच्या अंगावर हजारो बारीक केस असतात. त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. वाऱ्याने शेतातला गहू जसा लाटेसारखा लवत जातो, तशा त्या एकामागून एक हलतात आणि पॅरामेशियम गिरक्या घेत पुढे जाते. ते इतके पळते, की बघता बघता नजरेआड! म्हणून थेंबात कापसाचे दोन-तीन तंतू टाकले. तंतूला धडकले की ते मागे सरते, थोडे वळते नि पुन्हा पुढे. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी वाट काढते.

युग्लिना हिरवी असते. तिला चाबकासारखी लांब कशाभिका असते. ती हलवून युग्लिना पोहते. अंगावरच्या तांबड्या ठिपक्यामुळे तिला उजेडाची दिशा कळते. उजेडात तिला झाडाप्रमाणे अन्न तयार करता येते, म्हणून ती तिकडे जाते.

अमिबा सर्वांत संथ. त्याच्या आतले पेशीद्रव ज्या बाजूला वाहते, तिकडे अंग पुढे येते. हाच त्याचा छद्मपाद, म्हणजे खोटा पाय. तासाभरात तो जेमतेम एखादा सेंटीमीटर जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. अमिबाचा एक भाऊबंद माणसाच्या आतड्यात राहतो. त्याच्यामुळे पोटात मुरडा येतो, आव पडते. आतड्यात तोही खोट्या पायांनी सरकतो. पण बाहेर पडण्याआधी तो अंगाभोवती जाड कवच करून गोल होऊन बसतो. तिला पुटी म्हणतात. पुटी शौचावाटे बाहेर पडते. तिला जागची हलताही येत नाही. मग ती आपल्या ताटात येते कशी? ओढ्या-विहिरीच्या पाण्यातून, माशीच्या पायाला चिकटून, न धुतलेल्या भाजीतून आणि आपल्याच हातांनी! नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, म्हणून नितळ पाण्यातही ती असू शकते.

तेव्हा शौचालयच वापरावे. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. भाजी धुऊन घ्यावी, अन्न झाकून ठेवावे. पाणी खळखळ उकळून प्यावे, म्हणजे पुटी मरते.

जिला पाय नाहीत, तिला निदान आपण तरी पाय देऊ नयेत.

— इयत्ता ७ वीचा विद्यार्थी