घराण्याचा इतिहास : दप्तरातला आणि आठवणीतला

आपल्या पणजोबांचे नाव सांगता येणारी माणसे गावोगाव भेटतात. पणजीचे नाव विचारले की मात्र बहुतेकांना थांबावे लागते. तिचे माहेर कोणते, ती कोणत्या दुष्काळात कोठे राबली, तिची किती मुले जगली, हे तर क्वचितच ठाऊक असते. राजेरजवाड्यांच्या वंशावळी छापल्या गेल्या. शेतकरी, बलुतेदार, मजूर आणि गृहिणी यांचा इतिहास विखुरलेलाच राहिला. तो गोळा करणे हा कौटुंबिक व सामाजिक इतिहासाचा विषय होय.

या विषयाची गोडी अलीकडे वाढली आहे. 2020 च्या टाळेबंदीत सभागृहे बंद पडली, तेव्हा अनेक व्याख्याने दूरदृश्य प्रणालीवरून होऊ लागली. मोडी वाचनाचे वर्ग व जुन्या कागदपत्रांवरील व्याख्याने आता घरबसल्या ऐकता येतात. पुण्या-मुंबईस वारंवार जाणे ज्यांना शक्य नाही, अशा शिक्षकांची व ग्रामसेवकांची ही मोठी सोय झाली आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. व्याख्याता पद्धत शिकवू शकतो. साधने मात्र श्रोत्याच्या स्वतःच्या गावात, बहुधा त्याच्याच कार्यालयाच्या कपाटात असतात.

नोंदी कोठे सापडतात?

गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर हे पहिले साधन होय. विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण या रकान्यांतून साऱ्या गावाचे चित्र उभे राहते. मुलींची नावे कोणत्या वर्षापासून दिसू लागली, एवढे पाहिले तरी गावच्या स्त्रीशिक्षणाची कहाणी हाती येते. लोक ज्याला ‘कोतवाल बुक’ म्हणतात ती जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, हक्क नोंदणी पत्रक, फेरफार व कुळांच्या नोंदी यांतून वारसा, वाटणी व कर्ज यांचा माग लागतो. मुंबई कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन अधिनियम 1958 साली झाला. त्याआधीची वतनाची कागदपत्रे गावगाड्यातील सेवा व हक्क उलगडतात.

गावाबाहेरची साधनेही पुष्कळ आहेत. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्या गाववार व आडनाववार नोंदलेल्या असतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल जतन केलेले आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घरोघरची दप्तरे शोधून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 साली प्रसिद्ध केला. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामागेही हीच तळमळ होती.

मोडी आणि कालगणना

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे पुष्कळसे दप्तर मोडीत आहे आणि मोडी वाचणारे थोडे उरले आहेत. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा महसुली व शालेय दप्तरे उघडावी लागली आणि मोडी जाणकारांची निकड सर्वांच्याच ध्यानात आली. जुना कागद केवळ अभ्यासकाच्या कामाचा नसतो. एखाद्या कुटुंबाचा हक्क त्यावर अवलंबून असू शकतो.

जुन्या कागदावरील सन जुळवून घ्यावा लागतो. शकात 78 किंवा 79, दक्षिणेकडील फसली सनात 590 किंवा 591 आणि सुहूर सनात 599 किंवा 600 मिळविले असता इसवी सन येतो. एका वर्षाचा फरक महिन्यावर अवलंबून असतो.

नोंद पारखून घ्यावी

नोंद लेखी आहे म्हणून ती निर्दोष असतेच असे नाही. ग्रामीण भागातील कितीतरी वडीलधाऱ्यांची जन्मतारीख कागदोपत्री 1 जून आहे. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता येत नसे. मग जूनमध्ये भरणाऱ्या शाळेच्या हिशेबाने गुरुजी वय बसवीत. म्हणून एका नोंदीस दुसरी नोंद ताडून पाहावी. ‘मोठ्या पुराच्या साली’, ‘प्लेगात गाव बाहेर पडले तेव्हा’ अशा आठवणींनाही कागदाशी जुळवून मोल येते.

जे लिहिले गेले नाही

कागदात सर्वांना सारखे स्थान मिळालेले नाही. वंशावळीत मुलगे असतात, मुली नसतात. ही उणीव तोंडी परंपरेने भरून काढावी लागते. हेमा राईरकर व गी पॉईटव्हिन यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील स्त्रियांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. सासर-माहेर, कष्ट व भक्ती यांचा तो अपूर्व ठेवा होय. दलितांच्या जीवनाचा इतिहास दया पवार यांच्या ‘बलुतं’ (1978) व बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (1986) या आत्मकथनांनी समाजापुढे मांडला. 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावापुढे शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव लावण्याचा निर्णय शासनाने घेतला आहे. पुढच्या पिढीला निदान पणजीचे नाव शोधत बसावे लागणार नाही.

आपण काय करावे?

एका दौऱ्यात प्रस्तुत लेखकास एक शाळा दाखविण्यात आली. इमारत नवी, टुमदार होती. जुने रजिस्टर पाहावयास मागितले, तेव्हा स्थलांतराच्या गडबडीत ते रद्दीत गेल्याचे कळले. कोणाचा वाईट हेतू नव्हता. त्याचे मोल कोणी सांगितले नव्हते, इतकेच. त्या गावच्या कित्येक पिढ्यांची नावे त्या दिवशी पुसली गेली.

असे घडू नये म्हणून फार खर्च लागत नाही. अभिलेखांचे वर्गीकरण केल्यावाचून एकही जुनी वही नष्ट करू नये. कोरड्या, उंच जागी कागद ठेवावेत. फाटलेल्या पानांस चिकटपट्टी लावू नये. ग्रामपंचायतीच्या सभागृहात महिन्यातून एखादे व्याख्यान सर्वांनी मिळून ऐकावे आणि त्यानंतर गावातील एका वृद्धेला किंवा वृद्धाला बोलते करून त्यांच्या संमतीने आठवणी नोंदवून घ्याव्यात. दत्तक, पुनर्विवाह, कर्ज, जात यांविषयीच्या नोंदी नाजूक असतात. त्यांतून कोणाची मानहानी होणार नाही, ही दक्षता शिक्षकांनी विद्यार्थ्यांस प्रकल्प देतानाही घ्यावी.

कागद उद्याही वाचता येईल, जर तो आज जपला तर. आठवणीला मात्र तेवढीही मुदत नसते. म्हणून आरंभ घरापासून, घरातील सर्वांत वडील माणसापासून करावा.