नाडीचा ताल आणि हृदयाची थरथर

मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दुसऱ्या हाताची दोन बोटे ठेवा आणि घड्याळ लावून एक मिनिट ठोके मोजा. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके साधारण ६० ते १०० भरतात. लहान मुलांचे थोडे जास्त असतात. संख्येइतकेच महत्त्व तालाला आहे. आजी-आजोबांची नाडी अगदीच वेडीवाकडी चालत असेल, तर एकदा ई.सी.जी. काढून घ्यावा.

हृदयाचे चार कप्पे आपण शिकलो आहोत. मराठी पुस्तकात वरच्या दोहोंना कर्णिका व खालच्या दोहोंना जवनिका म्हणतात. तुमच्या हिंदी पुस्तकात हेच अलिंद आणि निलय. उजव्या कर्णिकेतील एका लहानशा गाठीतून विजेचा संदेश निघतो आणि सारे हृदय त्या तालावर चालते. 'एट्रियल फिब्रिलेशन' या आजारात कर्णिकांमध्ये मिनिटाला ३५० ते ६०० संदेश उठतात. कर्णिका आकुंचन न पावता नुसत्या थरथरतात. तेथे रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर लकवा मारतो. या आजारात लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो.

हे चुकीचे संदेश येतात कोठून? १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथे डॉ. मिशेल आयसागेर यांच्या चमूने ४५ रुग्ण तपासले. बहुतेक संदेश फुफ्फुसांतून डाव्या कर्णिकेत रक्त आणणाऱ्या शिरांमधून उठत होते. त्यावरून कॅथेटर अ‍ॅब्लेशनचा आजचा मार्ग निघाला. जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती व्रणाचे कडे करतात. वीज ते कडे ओलांडू शकत नाही.

कडे करण्याच्या तीन रीती आहेत: उष्णता, अतिथंड फुगा आणि विजेचे क्षणिक झटके. २०१६ च्या ७६२ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या दोन्ही रीती सारख्याच उपयोगी ठरल्या. २०२३ च्या ६०७ रुग्णांच्या अभ्यासात झटक्यांची नवी रीत जुन्यांच्या बरोबरीची निघाली. एका वर्षानंतर दोन्ही गटांत शंभरातील सत्तराहून थोडे अधिक रुग्ण ठीक होते. म्हणजे काहींना पुन्हा त्रास होतो, काहींना उपचार दुसऱ्यांदा करावा लागतो. २०१९ च्या २२०४ रुग्णांच्या अभ्यासात अ‍ॅब्लेशनने त्रास कमी झाला, जगणे सुखाचे झाले. पण मृत्यू व लकवा औषधांपेक्षा निश्चितपणे कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. म्हणून अ‍ॅब्लेशन झाले तरी रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

धोकेही समजून घेतले पाहिजेत. जांघेत रक्तस्राव, हृदयाभोवती रक्त साचणे, लकवा, श्वासपटलाच्या नसेला इजा हे त्यांतील काही. फार क्वचित अन्ननलिकेला छिद्र पडते. उपचारानंतर काही आठवड्यांत ताप आला किंवा गिळताना दुखू लागले, तर ताबडतोब त्याच डॉक्टरांना कळवावे.

आता आपल्या घरची गोष्ट. भारतात या आजाराच्या पुष्कळ रुग्णांच्या मुळाशी संधिवाताच्या तापाने खराब झालेली हृदयाची झडप असते आणि असे रुग्ण वयाने तरुण असतात. वर सांगितलेल्या अभ्यासांत झडप फार अरुंद झालेले रुग्ण बहुधा नव्हते. ते आकडे त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यांना आधी झडपेचा इलाज लागतो. २०२२ च्या मोठ्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, अशा रुग्णांना वॉरफरिनच्या जातीची जुनी गोळी नव्या रिव्हरॉक्सबॅनपेक्षा हितकर ठरली. या गोळीसाठी रक्ताची तपासणी नियमित करावी लागते.

हा ताप बहुधा ५ ते १५ वर्षांच्या मुलांना, घशाच्या जंतुसंसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी येतो. सांधे सुजतात, दुखतात. पुढे झडप आकसते. बालाघाटहून गोंदियामार्गे नागपूर गाठून मोठा उपचार करण्यापेक्षा मुलाचा घसा वेळीच दाखवणे किती सोपे! पालकांनी ताप आणि घसादुखी असलेले मूल डॉक्टरांना दाखवावे, दिलेले औषध पूर्ण दिवस द्यावे. ज्याला हा ताप येऊन गेला आहे, त्याचे पेनिसिलिनचे इंजेक्शन एकदाही चुकवू नये. विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की शाळेच्या आरोग्य तपासणीत प्रत्येक मुलाचे हृदय स्टेथोस्कोपने ऐकले जावे.

स्वाध्याय
१. घरातील तीन वडीलधाऱ्यांची नाडी मोजा. ठोके व ताल दोन्ही लिहा.
२. अ‍ॅब्लेशननंतरही गोळी का चालू ठेवावी लागते?
३. घसादुखी आणि हृदय यांचा संबंध आपल्या शब्दांत सांगा.