उच्च-ऊर्जा लेसर आणि चेन्नईची हवा

संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूल येथे वाहनावर बसविलेल्या ३० किलोवॉट लेसर अस्त्राची यशस्वी चाचणी घेतली. मानवरहित विमान आणि ड्रोनचा थवा ही त्याची लक्ष्ये होती. कर्नूल हा रायलसीमेचा कोरडा मुलूख. चेन्नईच्या किनाऱ्यावर हेच अस्त्र तितकेच प्रभावी ठरेल काय? तेथील बंदरे आणि दक्षिणेकडील कल्पाक्कमचे अणुऊर्जा केंद्र पाहता हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही.

लेसरचा किरण प्रकाशाच्या वेगाने जातो हे खरे. पण त्याला हवेतूनच जावे लागते. अशा लेसरसाठी सुमारे एक मायक्रॉन तरंगलांबी सोयीची ठरते, कारण तिथे बाष्पाकडून होणारे शोषण कमी असते. सूक्ष्म कण मात्र किरण विखुरतातच. समुद्रावरून आलेले मिठाचे कण दमट हवेत पाणी शोषून फुगतात आणि हा परिणाम वाढवितात. प्रचलित सूत्रानुसार दृश्यमानता १० किलोमीटर असताना एक किलोमीटर अंतरावर सुमारे ८५ टक्के ऊर्जा पोहोचते. दृश्यमानता एका किलोमीटरवर आली की जेमतेम ७ टक्के. म्हणजे ३० किलोवॉटपैकी दोनच उरतात. एवढ्याशा ऊर्जेने ड्रोनचे कवच भेदण्याची अपेक्षा व्यर्थ होय.

अशी वेळ चेन्नईवर येतेच. वार्षिक सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. पुढे जानेवारीत भोगी येते. महाराष्ट्रात भोगी म्हणजे मिश्र भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी; चेन्नईत त्या पहाटे जुन्या वस्तू जाळल्या जातात. जानेवारी २०१८ मध्ये हा धूर धुक्यात मिसळला आणि विमानसेवा विस्कळीत झाली. विमानाला जी हवा अडविते, ती लेसरलाही अडविते.

आकाश निरभ्र असले तरी अडचण संपत नाही. दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवेत खळबळ माजते आणि चांदणी लुकलुकावी तसा किरण थरथरतो. आकार बदलणाऱ्या आरशांनी हा दोष काही अंशी सुधारता येतो. शिवाय किरण स्वतःच वाटेतील हवा तापवितो. तापलेली हवा बहिर्गोल नव्हे, अंतर्गोल भिंगासारखे काम करते आणि किरण पसरतो. येथे शक्ती वाढवून भागत नाही, उलट दोष बळावतो. आडवा वारा तापलेली हवा दूर नेतो, म्हणून चेन्नईची दुपारची समुद्रझुळूक एका परीने उपकारकच. मात्र मीठ आणि बाष्पही तीच आणते.

तेव्हा किनाऱ्यावर लेसरच्या जोडीला तोफा आणि क्षेपणास्त्रे ठेवावीच लागतील. लेसर नेमका किती दिवस उपयोगी पडेल, हे विमानतळावरील दृश्यमानतेच्या नोंदींवरून पुरते ठरविता येणार नाही. त्या नोंदी जमिनीलगतच्या असतात, तर ड्रोनकडे जाणारा किरण तिरपा वर चढतो. त्या तिरप्या वाटेवरील कण, बाष्प आणि वारा यांचे मोजमाप किनाऱ्यावरच, आणि ईशान्य मोसमी पावसासह संपूर्ण वर्षभर व्हायला हवे.