इन्सुलिनच्या फ्रिजवर रात्रभर नजर: खर्च किती?

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरात 2 ते 8 अंश सेल्सिअस हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण रात्री दोन वाजता फ्रिजमध्ये खरंच किती तापमान आहे, हे कुणालाच ठाऊक नसतं. आमच्याकडे सेन्सर लावल्यावर पहिल्याच रात्री कळलं, की मागच्या भिंतीला टेकलेला कोपरा उणे 1 पर्यंत उतरतो. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं, तरी टाकूनच द्यायचं असतं.

सामान थोडकंच लागतं. ईएसपी8266 चिपचा वाय-फाय बोर्ड साधारण 250 ते 350 रुपयांना मिळतो, वायर जोडलेला डीएस18बी20 वॉटरप्रूफ सेन्सर 100 ते 150 ला. 4.7 किलोओहमचा रेझिस्टर रुपया-दोन रुपयांचा, पण तो विसरलात तर तापमान नीट दिसणार नाही. चार्जर मोबाइलचा जुना चालतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सगळं मिळतं. बोर्डवर टाकायचं टास्मोटासारखं सॉफ्टवेअर फुकट आहे.

थोडे पैसे वाचतात म्हणून डीएचटी11 सेन्सर घेऊ नका. त्यात दोन अंशांची चूक चालते आणि आपला सगळा पट्टाच सहा अंशांचा! डीएस18बी20 अर्ध्या अंशात राहतो, मात्र त्याच्या नकला बाजारात खूप आहेत. म्हणून घरी आणल्यावर थर्मासमध्ये बर्फाचा चुरा गच्च भरा, चुरा भिजेल इतकंच पाणी घाला आणि सेन्सर त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. आकडा शून्याच्या अर्धा अंश इकडेतिकडे हवा. नसेल तर परत करा.

फ्रिजमध्ये सेन्सर पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवून इन्सुलिनशेजारी ठेवा, म्हणजे दार उघडताच आकडा उडी मारत नाही. बोर्ड बाहेर ठेवा, फ्रिजच्या पत्र्यातून वाय-फाय नीट येत नाही.

खरा खर्च वीज गेल्यावरच्या सोयीचा आहे. लाइट गेली की राउटर बंद, आणि तापमान बिघडल्याचा इशारा नेमका तेव्हाच फोनवर येत नाही. राउटर आणि बोर्ड दोन्ही चालवणारा छोटा यूपीएस हजार-दीड हजाराला पडतो, बोर्ड आणि सेन्सर मिळून होणाऱ्या खर्चाच्या दुप्पट-तिप्पट. तरीही तो घ्याच. तेवढं जमत नसेल, तर घराबाहेरच्या सर्व्हरवर अशी सोय करा, की अर्धा तास आकडा आला नाही तर त्यानेच तुमच्या फोनवर निरोप पाठवावा. एक-दोन सेन्सरसाठी ही सेवा फुकटही मिळते.